स्टॉकहोमचे वार्तापत्र : फिनलंडची बोट

स्टॉकहोमच्या वेर्ताहाम्नेन बंदरातून दुपारी पावणेपाचच्या सुमारास एक मोठी पांढरी बोट हेल्सिंकीला निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या आसपास ती फिनलंडच्या राजधानीत पोहोचते, संध्याकाळी पाचला परत फिरते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत पुन्हा स्टॉकहोमला लागते. दोन रात्री आणि मधला एक दिवस एवढीच ही सहल. लग्नाचा वाढदिवस, पन्नाशी, मुलांना आजीकडे ठेवून मिळालेली मोकळीक, निवृत्तीनंतरचा पहिला रिकामा आठवडा, अशा कोणत्याही निमित्ताने स्वीडिश जोडपी ही बोट पकडतात. आडहंगामात आठवड्याच्या मधल्या वारी दोघांच्या केबिनचे भाडे शहरातल्या बऱ्या हॉटेलच्या एका रात्रीपेक्षा अनेकदा कमी पडते. पगारदार माणसाला न परवडणारे असे या सहलीत काही नाही.

या मार्गावरच्या ‘सिल्या सेरेनेड’ आणि ‘सिल्या सिंफनी’ या जुळ्या बोटी फिनलंडमधील तुर्कूच्या गोदीत बांधल्या गेल्या. पहिली १९९० साली सेवेत आली, दुसरी १९९१ साली. लांबी २०३ मीटर, आणि प्रत्येकीत २,८०० हून अधिक प्रवासी मावतात. खालच्या मजल्यांवर मोटारी आणि मालाचे ट्रक असतात. वर केबिनी, उपाहारगृहे, सौना, नाचाची जागा आणि बोटीच्या मधोमध लांबवर गेलेला एक झाकलेला रस्ता. दोन्ही बाजूंना दुकाने, वर काचेचे छत आणि त्या रस्त्यावर उघडणाऱ्या केबिनींच्या खिडक्या. ही रचना त्या काळी नवी होती. पुढे अमेरिकन कंपन्यांच्या अवाढव्य क्रूझ जहाजांनी ती उचलली आणि त्यांतली पहिली जहाजेही तुर्कूलाच बांधली गेली.

बोट निघाल्यावर पहिले तीन-चार तास उघडा समुद्र लागतच नाही, आणि सगळ्या सहलीतले सर्वांत सुंदर तास हेच. स्टॉकहोमच्या पूर्वेला सुमारे तीस हजार लहानमोठी बेटे आणि खडक पसरलेले आहेत. हिमयुगात या मुलखावर बर्फाचा प्रचंड जाड थर होता. तो वितळल्यावर दबलेली जमीन वर येऊ लागली आणि आजही स्टॉकहोमच्या परिसरात ती वर्षाला काही मिलिमीटर वर येते. पाण्याखालचे खडक असे डोके काढत राहतात, जवळजवळची बेटे जोडली जातात, जुनी बंदरे उथळ होतात. बाल्टिकमध्ये भरती-ओहोटी जवळजवळ नाही, आणि इथले पाणी महासागराच्या मानाने जेमतेम पाचव्या हिश्शाइतके खारे. म्हणून पाइनची झाडे थेट पाण्याच्या काठापर्यंत येतात आणि घरांचे लाकडी धक्के पाण्यापासून हातभर उंचीवर बांधता येतात. डेकवर उभ्या असलेल्या जोडप्याला फालूनच्या खाणीतल्या मातीने रंगवलेली तांबडी घरे इतक्या जवळून दिसतात की अंगणातले टेबल आणि त्यावरचे कप ओळखू येतात. प्रथम वाक्सहोल्मचा किल्ला येतो. सोळाव्या शतकात राजा गुस्ताव वासाने राजधानीकडे येणारी वाट अडवण्यासाठी तिथे तटबंदी उभारली. त्यानंतर फुरुसुंदची चिंचोळी खाडी. नाटककार ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग इथे उन्हाळ्यात येऊन राहत असे. एवढी प्रचंड बोट इथून वेग कमी करून जाते, कारण तिच्या लाटांनी काठ खचतात.

नेमक्या याच वेळी बहुतेक प्रवासी आत असतात. केबिन लावायची, दुकान उघडले का पाहायचे, जेवणाची पाळी गाठायची, यात ते तास जातात. जेवण म्हणजे स्मोर्गोसबोर्ड, थंड-गरम पदार्थांनी मांडलेले टेबल. ते पदार्थ एका क्रमाने खायचे असतात आणि वयस्कर स्वीडिश दांपत्ये तो क्रम मोडत नाहीत. आधी मुरवलेला हेरिंग मासा आणि उकडलेला बटाटा; मग ताटली बदलून सॅमन, कोळंबी आणि इतर थंड मासे; मग थंड मांस; त्यानंतर गरम पदार्थ, म्हणजे मांसाचे गोळे, मलईतला बटाटा; शेवटी चीज आणि गोड. सगळे एकाच ताटलीत वाढून घेणारा पाहुणा लगेच ओळखू येतो. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही, मात्र त्याचे जेवण सॅलड, बटाटे, ब्रेड आणि चीज यांच्या आधारानेच होते. जेवणानंतर वाद्यवृंद सुरू होतो. सत्तरी ओलांडलेली जोडपी हातात हात घालून फिनी टँगोवर नाचतात. तो नाच मन लावून केलेला असतो आणि बघणाऱ्यालाही त्या दोघांच्या दीर्घ सोबतीचा आदर वाटतो.

या बोटी इतक्या स्वस्त कशा, याचे उत्तर मध्यरात्रीच्या सुमारास मिळते. तेव्हा बोट मारिएहाम्नच्या धक्क्याला काही मिनिटे लागते. मोजकी माणसे चढतात-उतरतात, बाकीची झोपलेली असतात. मारिएहाम्न ही ओलांड बेटांची राजधानी. ही बेटे फिनलंडची, पण भाषा स्वीडिश. १९१७ साली फिनलंड रशियापासून स्वतंत्र झाल्यावर बेटांवरच्या लोकांना स्वीडनमध्ये जायचे होते. राष्ट्रसंघाने १९२१ साली निवाडा दिला : बेटे फिनलंडकडे राहतील, मात्र भाषा, शाळा आणि जमिनीचे हक्क बेटकऱ्यांच्या हाती राहतील. क्रिमियाच्या युद्धानंतर १८५६ साली तिथे लष्करी तळ उभारण्यास घातलेली बंदीही कायम राहिली. तंटा आंतरराष्ट्रीय मंचावर सुटला आणि शंभर वर्षांनंतरही सुटलेलाच राहिला, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. आज तीस हजारांवर वस्तीच्या या बेटांना स्वतःची विधानसभा, स्वतःचा झेंडा आणि स्वतःची टपाल तिकिटे आहेत. १९९५ साली फिनलंडबरोबर युरोपीय संघात जाताना बेटांनी वेगळा कौल घेतला आणि संघाच्या अप्रत्यक्ष करांच्या हद्दीबाहेर राहण्याची सवलत मिळवली.

१ जुलै १९९९ पासून संघातल्या देशांदरम्यानची करमुक्त विक्री बंद झाली. ओलांडला लागणाऱ्या बोटींवर मात्र ती सुरू राहिली, म्हणूनच मध्यरात्रीचा तो छोटा थांबा. तिकीट स्वस्त ठेवायचे आणि दुकान, बार, जेवण यांतून पैसा मिळवायचा, असे या धंद्याचे गणित आहे. स्वीडनमध्ये दारूची किरकोळ विक्री मुख्यतः ‘सिस्टेमबोलागेत’ या सरकारी दुकानांतून होते. सौम्य बिअर मात्र इतरत्रही मिळते. ही सरकारी दुकाने रविवारी बंद, आणि गिऱ्हाईक वीस वर्षांचे हवे. १९५५ पर्यंत तर शिधापुस्तिकेवर दारू मिळत असे. अशा देशात करमुक्त दुकानाची ओढ समजण्यासारखी आहे. पण त्या ओढीपायी स्टॉकहोमजवळच्या बेटांकडे पाठ फिरवणे हे फार मोठे नुकसान आहे.

या मार्गाला माणसांच्या स्थलांतराचाही मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे सत्तर हजार फिनी मुलांना सुरक्षिततेसाठी स्वीडनला पाठवण्यात आले. १९५४ साली नॉर्डिक देशांनी एकमेकांच्या नागरिकांना परवान्याशिवाय काम करण्याची मुभा दिली आणि पुढच्या दोन दशकांत लाखो फिनी कामगार स्वीडनच्या कारखान्यांत आले. उन्हाळ्यात गावी जाण्याची वाट म्हणजे या बोटी. टँगोवर नाचणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यांत अशा घरांतली माणसे असतात. २००० सालापासून फिनी ही स्वीडनमध्ये मान्यताप्राप्त अल्पसंख्य भाषा आहे. बोटीवरच्या सूचना मात्र आधीपासूनच दोन्ही भाषांत होत आल्या.

हेल्सिंकीत प्रवेश करताना बोट सुओमेनलिन्ना या सागरी किल्ल्याजवळच्या अगदी अरुंद सामुद्रधुनीतून जाते. १७४८ पासून स्वीडिश राजवटीने बांधलेला हा किल्ला आज जागतिक वारसा आहे. शहरासाठी सहा तास मिळतात. धक्क्यापासून चालत बाजारचौक, तिथे सॅमनचे सूप, मग सिनेट चौकातले पांढरे कॅथेड्रल, आणि ट्रामने खडक फोडून बांधलेले तेम्पेलिआउकिओ चर्च. एवढे निवांत होते. २०१८ साली उघडलेले ‘ओदी’ सार्वजनिक वाचनालयही चुकवू नये.

बाल्टिकच्या या प्रवासावर एका रात्रीची सावली आहे. २८ सप्टेंबर १९९४ च्या पहाटेपूर्वी, वादळात, तालिनहून स्टॉकहोमला येणारी ‘एस्टोनिया’ बोट बुडाली. नाळेवरचे झाकण लाटांनी तुटले, मोटारींच्या मजल्यावर पाणी शिरले आणि तासाभरात बोट गेली. ८५२ माणसे मेली, १३७ वाचली. ‘रामदास’ बोटीची १७ जुलै १९४७ ची दुर्घटना ज्या घरांत अजून सांगितली जाते, त्या कोकणी वाचकाला हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. ‘एस्टोनिया’च्या दुर्घटनेनंतर उत्तर युरोपातील देशांनी १९९६ साली करार करून मोटारवाहू प्रवासी बोटींसाठी कडक नियम केले : गाड्यांच्या मजल्यावर पाणी साचले तरी बोट तरली पाहिजे. आजचा प्रवास त्या नियमांमुळे सुरक्षित आहे. स्टॉकहोमच्या युरगोर्डेन बेटावर मृतांचे स्मारक आहे. निघण्यापूर्वी तिथे जाऊन यावे.

नोकरीनिमित्त स्टॉकहोमला राहणाऱ्या मराठी जोडप्यांनी, किंवा मुलांकडे आलेल्या त्यांच्या आईवडिलांनी, ही सहल जरूर करावी. फक्त मारिएहाम्नपर्यंत जाऊन बावीस-चोवीस तासांत परतणाऱ्या बोटीही आहेत, पण त्यांत किनाऱ्यावर वेळ फारसा मिळत नाही. हेल्सिंकीची फेरी अधिक मोलाची. आतल्या रस्त्याकडे उघडणारी केबिन आकर्षक वाटली तरी समुद्राकडच्या खिडकीचे जास्तीचे पैसे द्यावेत. डिसेंबरात सूर्य तीनच्या आधी मावळतो, म्हणून हिवाळ्यात निघताना बेटे अंधारात जातात. जूनमध्ये उजेड रात्री दहानंतरही असतो. जेवणाची उशिराची पाळी घ्यावी आणि तोवर उबदार कपडे घालून डेकवर थांबावे. परतीच्या सकाळी सहाला उठले तर तीच बेटे सकाळच्या उजेडात पुन्हा पाहायला मिळतात. फिनलंडचे घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे असते, हे परतीची बोट गाठताना लक्षात ठेवावे. दोन्ही देश आणि ओलांड शेंगेन क्षेत्रात असल्याने एकच व्हिसा पुरतो. मात्र भारतीय प्रवाशाने पासपोर्ट जवळ ठेवलाच पाहिजे.