आग्नेयेकडे तोंड करून

गेल्या गणपतीत संगमेश्वर तालुक्यात, मामांच्या घरी, एका आठ वर्षांच्या पाहुण्याने रिमोटशी खेळता खेळता सेटटॉप बॉक्स ‘फॅक्टरी रीसेट’ करून टाकला. आरती आटोपून मामांनी सातच्या बातम्या लावल्या, तर पडद्यावर निळी चौकट आणि तिच्यात इंग्रजी प्रश्नांची रांग. मामांनी रिमोट माझ्याकडे दिला. ‘तू पुण्याचा, तुला कळतं यातलं.’ मला काही कळत नव्हतं, पण तसं कबूल करायची ती जागा नव्हती.

पुढचे दोन दिवस पाऊस, मोदक आणि तो मेन्यू यांत गेले. त्यात एवढं लक्षात आलं की मेन्यूतले प्रश्न बॉक्सबद्दल नसतातच. ते पत्र्यावर काय बसवलंय, कुठे तोंड करून बसवलंय, याबद्दल असतात. बॉक्स बिचारा खाली कपाटावर बसलेला. त्याला छत्री दिसत नाही. कारखान्यात कुणीतरी अंदाजाने उत्तरं भरून ठेवलेली असतात, आणि तो अंदाज बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या गच्चीचा असतो.

पहिला प्रश्न उपग्रहाचा. दूरदर्शनच्या फ्री डिशसाठी उत्तर आहे जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. जुन्या बॉक्सांच्या यादीत हे नाव नसतं, तिथे इन्सॅट-४बी असतं. त्याच जागी आधी तो उपग्रह होता. त्यावरून लोक घाबरतात, पण यादीतलं नाव ही फक्त चिठ्ठी असते. नाव निवडल्याने छत्री इंचभरही हलत नाही. आकडे बरोबर असतील तर उपग्रहाला काहीही नाव ठेवा, चित्र येतं.

ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झाली तेव्हा ३३ वाहिन्या होत्या आणि उपग्रह परदेशी, भाड्याचा होता. जीसॅट-१५ सोडला गेला ११ नोव्हेंबर २०१५ च्या पहाटे तीनच्या सुमारास, दक्षिण अमेरिकेतल्या कुरूहून, एरियान रॉकेटवर. त्या दिवशी आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतं. गावोगावच्या पत्र्यांवर ज्याच्या नावाने छत्र्या उभ्या आहेत तो असा ऐन दिवाळीत वर गेला, याची दिवाळी अंकात नोंद असायला हवी.

आकाशाकडे तोंड करून बसण्याची आपली सवय मात्र त्याहून जुनी. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला १९७१ मध्ये उपग्रह दळणवळणाचं भूकेंद्र सुरू झालं. पुढे त्याला विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’चा प्रयोग चालला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोचली, आणि तिथल्या छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आपण तेव्हा मुंबई केंद्र पाहत होतो आणि पुणेकरांचे अँटेने सिंहगडाकडे वळलेले होते.

मग आला १९९१ चा स्टार टीव्ही, एशियासॅट-१ वरून. या उपग्रहाची गोष्ट एखाद्या पुराणातली वाटावी. तो मुळात अमेरिकेचा वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये स्पेस शटलमधून सोडला आणि भलत्याच कक्षेत अडकला. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या शटलने जाऊन त्याला अक्षरशः पकडून परत आणलं. डागडुजी झाली, नवा मालक मिळाला, आणि १९९० मध्ये चिनी रॉकेटने त्याला पुन्हा वर पाठवलं. आपल्या चाळींतल्या केबलवाल्यांनी ज्याच्या जिवावर धंदा उभा केला तो माल असा दुरुस्त केलेला होता!

त्या केबलवाल्यांच्या छत्र्या आठ-बारा फुटांच्या, सी-बँडच्या. त्या लहरींची लांबी सात-आठ सेंटीमीटर. फ्री डिशची छत्री परातीएवढी भागते कारण तिची लहर पावणेतीन सेंटीमीटरची, आणि उपग्रहही ताकदीचा. या सोयीची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. लहर जितकी आखूड, तितकं पावसाचे थेंब तिला जास्त खातात. सर धरली की चित्राचे चौकोन होतात, ओसरली की आपोआप येतं. अशा वेळी मेन्यूत शिरून काहीबाही बदलणाऱ्यांनीच अर्धी दुखणी ओढवून घेतलेली असतात.

दुसरा प्रश्न एलएनबी फ्रिक्वेन्सीचा. छत्रीसमोर दांड्यावर जे बोंडूक असतं ते एलएनबी. उपग्रहाकडून आलेली लहर इतक्या वरच्या पट्टीतली असते की साध्या केबलमधून ती घरापर्यंत टिकत नाही. म्हणून एलएनबी तिच्यातून एक ठरावीक आकडा वजा करतो आणि उरलेली बाकी खाली पाठवतो. फ्री डिशची एक फ्रिक्वेन्सी ११०९० मेगाहर्ट्‌झ. युनिव्हर्सल एलएनबी खालच्या पट्ट्यात ९७५० वजा करतो, बाकी १३४०. बॉक्स ऐकतो ९५० ते २१५० एवढ्याच टापूत, म्हणजे ठीक. आता मेन्यूत कुणी ९७५० च्या जागी १०६०० भरलं, तर बॉक्स ४९० शोधायला निघतो, आणि तो आकडा त्याच्या टापूतच नाही. छत्री बरोबर, केबल बरोबर, उपग्रह जागेवर, आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’. मामांच्या बॉक्सचं पहिलं दुखणं नेमकं हेच निघालं. तिसरीतली वजाबाकी.

मेन्यूत ‘९७५०/१०६००’ अशी जोडी असते, कारण युनिव्हर्सल एलएनबी युरोपात घडला. तिथे वाहिन्या वाढल्या, एक पट्टा पुरेना, म्हणून ११७०० च्या वर दुसरा पट्टा घेतला आणि त्यासाठी दुसरा वजाबाकीचा आकडा. कोणता वापरायचा हे बॉक्स त्याच केबलमधून २२ किलोहर्ट्‌झचा एक सूर पाठवून सांगतो: सूर असला तर वरचा पट्टा, नसला तर खालचा. उभी लहर हवी की आडवी, हेही त्याच केबलमधून. १३ व्होल्ट दिले की उभी, १८ दिले की आडवी. डायसेक ही चार एलएनबींतून एक निवडण्याची युक्ती, तीही युटेलसॅट या युरोपीय कंपनीची आणि त्याच सुरावर स्वार झालेली. मामांकडे एकच एलएनबी, त्यामुळे ‘डायसेक: नाही’ एवढं लिहून पुढे गेलो.

एका तांब्याच्या तारेत वीज वर जाते, हुकूम वर जातात आणि त्याच वेळी चित्र खाली येतं. हा काटकसरीपणा मला फार आवडला. कनेक्टरपाशी जाळीचा एक केस मधल्या तारेला टेकला तर तिन्ही कामं एकदम बंद पडतात, हे त्याच काटकसरीचं दुसरं टोक.

मग ट्रान्सपाँडर, ज्याला दुकानदार ‘टीपी’ म्हणतात. ११०९०, व्हर्टिकल, २९५००. हा शेवटचा आकडा सिम्बॉल रेट. सेकंदाला २ कोटी ९५ लाख खुणा येतात, त्या याच वेगाने मोजायच्या. ताल चुकला तर सूर लागूनही उपयोग नाही. तबलजी आणि गवई वेगवेगळ्या लयीत बसल्यासारखं.

हे तिन्ही भरले की खाली दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथला भुलू नये. एलएनबीला वीज पोचतेय आणि काहीतरी आवाज खाली येतोय, एवढंच ती सांगते. छत्री शेजारच्या भिंतीकडे असली तरी ती ऐंशी दाखवू शकते. खरं बोलते ती क्वालिटी. आमच्याकडे स्ट्रेंथ ८४ आणि क्वालिटी शून्य. म्हणजे आता पत्र्यावर चढणं आलं.

पुण्याहून जीसॅट-१५ उत्तरेपासून सुमारे १३२ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. संगमेश्वरला दोन-तीन अंश अधिक पूर्वेकडे, नागपूरला १४५ च्या आसपास, दक्षिणेकडे झुकलेला. वास्तुवाल्यांनी आग्नेय चुलीला दिली आहे. अर्ध्या महाराष्ट्राच्या पत्र्यांवर आता तिथे टीव्ही येऊन बसला. छत्री मात्र बघणाऱ्याला फसवते. ती ऑफसेट असते, म्हणजे दिसते त्याहून वीसेक अंश वर बघत असते. म्हणून नवशिका तिला आकाशाकडे जास्तच उताणी करतो. आणि एक अंश म्हणजे थोडं नव्हे: ३६ हजार किलोमीटरवर एक अंश चुकलो की नेम ६०० किलोमीटरहून जास्त सरकतो.

एलएनबीचा पीळ हा याहून दुर्लक्षित भाग. उपग्रह आपल्या थेट दक्षिणेला नसल्याने त्याची ‘उभी’ लहर आपल्याकडे तिरपी पोचते. पुण्यात हा तिरपेपणा सुमारे ४५ अंश, नागपुरात ३३ च्या आसपास. तेवढा एलएनबी त्याच्या कड्यात फिरवावा लागतो. मेन्यूत याची ओळच नाही, त्यामुळे बसवणाराही विसरतो. मामांची छत्री बसवून गेलेल्या माणसाने एलएनबी सरळ ठेवला होता. चार वर्षं तो घरात शिव्या खात होता त्या पावसाने खराब होणाऱ्या चित्रासाठी, आणि त्यातला निम्मा दोष पावसाचा नव्हताच.

मी पत्र्यावर, मामा टीव्हीपुढे, मामी मधल्या खिडकीत. मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी पत्र्यापाशी वेड्यासारखं फिरत होतं, म्हणून अंगणातून दिशा धरून आलो होतो. मी बोटभर सरकवायचो, बॉक्सला दोन सेकंद लागायची, मामा आकडा सांगायचे, मामी तो ओरडायची. ‘बारा! ... गेलं! ... अरे आत्ता होतं ना!’ जुन्या अँटेन्याला चूक कळायची. चित्रात मुंग्या वाढल्या की वाईट, कमी झाल्या की बरं. डिजिटलमध्ये मुंग्याच नाहीत. कडेपर्यंत स्वच्छ चित्र, कडेपलीकडे काहीच नाही. म्हणून हात हळू आणि थांबत थांबत चालवावा लागतो. एलएनबी पिळल्यावर मामीचा आवाज एकदम बदलला. ‘छप्पन्न!’

खाली येऊन स्कॅन. इथे ‘नेटवर्क सर्च: हो/नाही’ अशी ओळ येते, आणि माझी पहिली फजिती तिथली. घरी नुकतं फायबर आलेलं, बॉक्सला मागे लॅनचं भोक, म्हणून मी समजलो की हे इंटरनेटचं काहीतरी. प्रत्यक्षात हे नेटवर्क आकाशातलं. प्रत्येक ट्रान्सपाँडरवर, १६ क्रमांकाच्या कप्प्यात, एक कोष्टक सतत फिरत असतं: आमच्या गोतावळ्यातले बाकीचे ट्रान्सपाँडर कोणते, त्यांच्या फ्रिक्वेन्सी काय. ‘हो’ म्हटलं की बॉक्स एका घरी जाऊन बाकीच्या भाऊबंदांचे पत्ते घेतो आणि सगळ्यांकडे फिरून येतो. एक टीपी हाताने भरा, उरलेले तो शोधतो.

हे वारंवार करावं लागतं, कारण वाहिन्या येतात-जातात. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने विकल्या जातात. मार्च २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या फुकट मनोरंजन वाहिन्या काढून घेतल्या, पुढे त्या परतल्या. दर वेळी गावातल्या मोबाइलच्या दुकानदाराला लोक ‘छत्री बिघडली’ म्हणून बोलवत, आणि तो रिमोटवर चार बटणं दाबून पन्नास रुपये घेऊन जाई. मला त्यात गैर वाटत नाही. कोणती चार, हे माहीत असण्याचे ते पन्नास.

दुसरं नेटवर्क, इंटरनेटचं, त्यामानाने सोपं. डीएचसीपी चालू ठेवा, पत्ता राउटर देतो. ०.०.०.० दिसलं तर केबल किंवा पासवर्ड पाहा, १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने दाद दिली नाही म्हणून बॉक्सने तो स्वतःच बनवून घेतला आहे. रिमोटच्या बाणांनी वाय-फायचा पासवर्ड टंकण्याऐवजी लॅनची तार ओढा, आयुष्य वाचेल. घड्याळाचं मात्र बघा. उपग्रहावरून वेळ जागतिक प्रमाणाची येते. टाइम झोन साडेपाच तास पुढे नसेल तर कार्यक्रमांची यादी चुकते. आणि तारीखच भलती असेल तर सुरक्षित जोडणी मागणारी ॲप उघडत नाहीत, मग माणूस उगाच राउटरला दोष देत बसतो.

ही दोन नेटवर्कं एकत्रही येतात. लक्झेंबर्गच्या एसईएस कंपनीने २०१२ मध्ये ‘सॅट-आयपी’ पुढे आणलं. त्यात ट्यूनर छत्रीपाशीच बसतो आणि घरातल्या कुठल्याही पडद्याला लॅनवरून चित्र देतो. पडदा त्याला जी विनंती पाठवतो तिच्यात काय असतं? फ्रिक्वेन्सी, उभी की आडवी, सिम्बॉल रेट. तीच तिन्ही, जी मी मामांच्या रिमोटने भरत होतो.

आकडे सगळे जुळले, मामांनी ते दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर उतरवून घेतले. तरी क्वालिटी छप्पन्नाच्या वर जाईना, वारा सुटला की चाळिसावर येई. निघताना त्यांना एक काम सांगून आलो. वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या आगेमागे सूर्य बरोबर या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. त्या काही मिनिटांत सूर्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो आणि चित्र जातं. तो बिघाड नव्हे. पण त्याच वेळी छत्रीवर कशाची सावली पडली असेल, तर तेच उपग्रहाच्याही आड येतंय.

गांधी जयंतीला सव्वाअकरा वाजता मामांचा फोन आला.

‘पडते रे सावली.’

‘कशाची?’

‘शेवग्याची. पण शेंगा लागल्यात, डिसेंबरपर्यंत काही मी तो तोडत नाही.’