पहिलवानाच्या हाती पाळणा

दंडावर बेटकुळ्या खेळवणारा धिप्पाड मल्ल आणि त्याच्यासमोर जेमतेम त्याच्या गुडघ्याला लागेल एवढे मूल. मल्ल घामाघूम, मूल निर्धास्त! हॉलिवूडच्या कौटुंबिक विनोदी चित्रपटांनी या एका प्रसंगावर तीन दशकांहून अधिक काळ प्रेक्षकांना हसवले आहे. सुट्टीत नातवंडांसमवेत बसून आपणही ते पाहतो. परंतु या हास्याच्या तळाशी प्रत्येक घराला लागू पडेल असा एक हिशेब दडलेला आहे.

या प्रकाराला मोठे यश मिळवून दिले ते 1990 च्या ‘किंडरगार्टन कॉप’ने. सात वेळा ‘मिस्टर ऑलिम्पिया’ ठरलेला शरीरसौष्ठवपटू आर्नोल्ड श्वार्झनेगर यात बालवाडीचा शिक्षक म्हणून वावरणारा गुप्त पोलीस आहे. गुन्हेगारांना लोळवणारा हा गडी पहिल्याच दिवशी चिमुकल्यांपुढे हात टेकतो. पुढे त्याला मार्ग सापडतो तो शिट्टी, कवायत आणि शिस्तीच्या दिनक्रमातून. बाहुबळ तेथे कुचकामीच ठरते. सुमारे 2.6 कोटी डॉलर खर्चून निघालेल्या या चित्रपटाने जगभरात 20 कोटींच्या घरात गल्ला जमवला. एवढा परतावा दिसल्यावर इतर निर्माते मागे कसे राहतील?

1993 मध्ये नामांकित कुस्तीगीर हल्क होगन ‘मिस्टर नॅनी’ झाला. चित्रपट पडला, पण त्याचे कथाबीज विसरण्याजोगे नाही. घर श्रीमंत, वडील कर्तबगार, आई हयात नाही. मुले सांभाळायला येणाऱ्या प्रत्येकाला ती मुले छळून पळवून लावतात. हा छळ म्हणजे कामात बुडालेल्या वडिलांचे लक्ष वेधून घेण्याची धडपड असते. वडील मुलांसाठी धन मिळवतात. मुलांना हवे असतात वडील.

2007 च्या ‘द गेम प्लॅन’मध्ये हाच धागा अधिक नेटका विणला आहे. कुस्तीतून चित्रपटात आलेला ड्वेन जॉन्सन यात अमेरिकन फुटबॉलचा आत्ममग्न तारा आहे. एके दिवशी आठ वर्षांची एक मुलगी त्याच्या दाराशी येऊन सांगते, ‘मी तुमची मुलगी.’ एका समारंभात तो तिला चक्क विसरून घरी परततो. प्रेक्षक हसतात खरे, पण मनात कुठेतरी चरकतात. नंतर तोच माणूस तिच्यासाठी बॅले नृत्याच्या मंचावर उभा राहतो, तेव्हा त्याचे थोरपण मैदानावरील विजयांहून वेगळ्या मापाने मोजावे लागते. 2020 च्या ‘माय स्पाय’मध्ये डेव्ह बॉटिस्टा हा माजी कुस्तीगीर गुप्तहेर झाला आहे. त्याचे बिंग फोडणारी नऊ वर्षांची मुलगी गप्प राहण्याची किंमत म्हणून काय मागते? त्याचा वेळ आणि त्याची सोबत!

या सर्व कथांमध्ये एक खोट मात्र आहे. पुरुषाने मूल सांभाळावे म्हणून कथेला आधी एखाद्या पालकाला बाजूला सारावे लागते. ‘मिस्टर नॅनी’ आणि ‘द गेम प्लॅन’मध्ये आई मरण पावलेली आहे, ‘माय स्पाय’मध्ये वडील नाहीत आणि परिचारिका असलेली आई कामात गुंतलेली. दुसरे असे की, मल्लाला मूल सांभाळणे जमले की टाळ्या पडतात. तेच काम घरातील स्त्रिया पहाटेपासून रात्रीपर्यंत बिनबोभाट करतात, तेव्हा त्यावर कोणी चित्रपट काढत नाही. ‘हे पुरुषाला जमणारच नाही’ हे गृहीत धरल्याशिवाय हा विनोद उभाच राहत नाही.

तरीही हे चित्रपट पाहावेत. ‘किंडरगार्टन कॉप’मध्ये मात्र हिंसेची दृश्ये आहेत, म्हणून लहानग्यांना तो दाखवू नये. बाकीचेही वडीलधाऱ्यांनी सोबत बसूनच पाहावेत, आणि संपल्यावर मुलांना विचारावे, ‘यातला कोणता प्रसंग तुला आवडला?’ त्यांचे उत्तर बहुधा मारामारीचे नसेल. मल्ल जमिनीवर बसून खेळला, त्या प्रसंगाचे असेल.

दुकान वाढवून रात्री उशिरा घरी येणाऱ्या प्रत्येक पित्याने त्या उत्तराची नोंद आपल्या रोजकीर्दीत जरूर करावी. व्यापारातील थकबाकी पुढील वर्षी वसूल होऊ शकते. बालपण मात्र पुढच्या वर्षाच्या खात्यावर ओढता येत नाही.