पात्याचे पाणी, मुठीची पकड

हौसेने घडवलेली सुरी प्रदर्शनात मांडली की पाहणाऱ्याची नजर प्रथम जाते ती पात्याच्या झळाळीवर आणि मुठीच्या रंगावर. जाणकार मात्र आधी धार तपासतो. अमेरिकेत १९७६ मध्ये स्थापन झालेल्या 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी'ची परीक्षा याच क्रमाने चालते. उमेदवाराने घडवलेल्या सुरीने मोकळा लोंबकळणारा एक इंची दोर एका घावात तुटला पाहिजे. इमारती लाकडाच्या जाड पट्ट्या तोडून झाल्यावरही तिने हातावरचे केस सफाईने उतरले पाहिजेत. शेवटी पाते शेगड्यात धरून ९० अंशांत वाकवले जाते आणि तेव्हा त्याचे दोन तुकडे होता कामा नयेत. या कसोटीला उतरल्यावरच परीक्षक सुरीची सफाई आणि देखणेपण पाहतात. नवख्या हौशी कारागिराने हा क्रम मनात पक्का ठेवला, तर पुढचा बराच खर्च आणि मनस्ताप टळतो.

पोलाद आणि पाणी

सुरीचे गुण ठरतात ते पोलादातील कार्बनवर आणि त्याला दिलेल्या पाण्यावर. आपल्याकडे 'हत्याराला पाणी देणे' हा शब्दप्रयोग रूढ आहे. प्रत्यक्षात आजचे बहुतेक कारागीर तापलेले पाते तेलात विझवतात, कारण पाण्यात ते एकदम थंड होऊन तडकण्याचा धोका अधिक असतो. सुरुवातीसाठी '१०८४' हे साधे कार्बन पोलाद उत्तम मानले जाते. त्यात सुमारे ०.८४ टक्के कार्बन असतो आणि घरगुती भट्टीतही ते समजुतीने वागते. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाचे चुंबकत्व नाहीसे होते. लोहचुंबक पात्याला चिकटेनासा झाला की त्याहून थोडे अधिक, म्हणजे ८१५ अंशांच्या आसपास तापवून पाते तेलात बुडवायचे. या वेळी ते काचेसारखे कडक, पण ठिसूळ असते. म्हणून लगेच २०० अंशांच्या सुमारास दोन-दोन तास, दोन वेळा शेकून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. ही पायरी गाळली, तर कितीही चकाकणारे पाते फरशीवर पडताच मोडू शकते.

भंगारातील मालमोटारीचे पाटे किंवा जुन्या कानशी वापरण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांतून चांगली हत्यारे होतातही. परंतु पोलादाची नेमकी जात ठाऊक नसल्याने किती तापवावे, याचा केवळ अंदाज बांधावा लागतो. त्यात डोळ्यांना न दिसणारी जुनी चीरही असू शकते. पहिल्या दोन-चार सुऱ्यांसाठी ओळखीचे पोलाद विकत घेणेच श्रेयस्कर.

झळाळी नव्हे, संरक्षण

पात्याची अखेरची सफाई ही केवळ सजावट नसते. पृष्ठभाग जितका खडबडीत, तितका ओलावा तेथे अधिक टिकतो आणि गंज लवकर धरतो. कोकणासारख्या दमट हवेत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

हौशी कारागिरासाठी सर्वांत विश्वासार्ह सफाई म्हणजे हाताने घासून आणलेली रेशमी झाक. २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून ४००, ६०० असे चढत जायचे. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा थोडी बदलावी, म्हणजे आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही, ते कळते. शेवटचे हात मात्र एकाच दिशेने, न थांबता ओढायचे. या कामात यंत्राहून चिकाटीच अधिक लागते.

आरशासारखी झिलई गंजाला चांगली तोंड देते. पण वापरातील पहिलाच ओरखडा तीवर उठून दिसतो. शिवाय ज्या फिरत्या चाकावर ही झिलई आणतात, ते कार्यशाळेतील अत्यंत धोकादायक यंत्रांपैकी एक समजले जाते. धार वा टोक चाकात अडकले, तर सुरी क्षणात भिरकावली जाते. वाळूच्या माऱ्याने आणलेली मंद झाक दिसते छान, परंतु तीवर गंज लवकर चढतो.

थरांच्या पोलादावरील लाटांची नक्षी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात उमटते. साधे कार्बन पोलाद त्यात काळवंडते, तर निकेलयुक्त थर उजळ राहतात. बिल मोरान या अमेरिकी कारागिराने १९७३ मध्ये अशी पाती प्रदर्शनात मांडली आणि ही कला तेथे पुन्हा रुजली. बाजारात तिला 'दमास्कस' म्हणतात. मूळ दमास्कस तलवारींशी नाव जोडले गेलेले दक्षिण भारतातील 'वुट्झ' पोलाद मात्र वेगळे. त्याची नक्षी थर जोडून नव्हे, तर मुशीत तयार झालेल्या पोलादाच्या अंतर्गत रचनेतून येते. जपानी कारागीर कित्येकदा भट्टीतील काळा थरच पात्याच्या वरच्या भागावर ठेवतात. तोही गंजाला काही प्रमाणात अडवतो.

मूठ कशाची?

मूठ निवडताना ओल्या हातातील पकड हा पहिला निकष. सागवान व शिसव ही लाकडे टिकाऊ. पण त्यांतील नैसर्गिक तेलामुळे गोंद नीट धरत नाही. चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावा. हलके, सच्छिद्र लाकूड निर्वात पात्रात राळेने भरून घेतले, तर ते फुगत वा आकसत नाही. कापड किंवा कागदाचे थर राळेत दाबून केलेला 'मायकार्टा' आणि काचतंतूंचा 'जी-१०' हे पदार्थ पाणी, तेल, उष्णता सारे सोसतात. म्हशीचे शिंग देखणे असते आणि जपानी सुऱ्यांच्या लाकडी मुठींना त्याचे कडे बसवण्याची प्रथा आहे. मात्र कोरड्या हवेत ते आकसते. सांबरशिंग आणि हस्तिदंत यांच्या वाटेला जाऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या व्यापाराला मनाई आहे.

नुसत्या गोंदावर भिस्त न ठेवता मूठ पितळी खिळ्यांनी जखडावी. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असेल, तर सुरी अधिक भक्कम होते.

दोन सावधगिऱ्या

लाकूड, मायकार्टा वा जी-१० घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. योग्य गाळणीचा मुखवटा हवा आणि शक्य तेथे ओले करूनच घासावे.

दुसरी सावधगिरी कायद्याची. घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक वापरासाठी नसलेली, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती २०१६ च्या शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात आणि अधिसूचित भागांत त्यांना परवाना लागतो. पहिले हत्यार म्हणून चार-पाच इंची भाजीची सुरी घडवणे त्यामुळेही शहाणपणाचे. ती रोज वापरात राहते आणि धार कुठे बोथटली, मूठ कुठे रुतते, हे घडवणाऱ्याला आपोआप कळत जाते. दुसरी सुरी पहिलीपेक्षा सरस होते ती या रोजच्या वापरातूनच.