सैन्य धाडण्याचा अधिकार आणि लोकप्रतिनिधींची संमती

1939 साली जव्हार आणि मोखाडा हे शेजारचे मुलूख दोन निराळ्या अमलांखाली होते. मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात मोडत होता, तर जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. 3 सप्टेंबर रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले, तेव्हा हा भेद निरर्थक ठरला. किंबहुना त्याआधीच भारतीय पलटणी इजिप्त व सिंगापूरकडे रवाना झाल्या होत्या आणि त्याच्या निषेधार्थ, ऑगस्टमध्ये वर्ध्याला भरलेल्या काँग्रेस कार्यसमितीने मध्यवर्ती विधानसभेतील आपल्या सदस्यांना आगामी अधिवेशनावर बहिष्कार घालण्यास सांगितले होते. संरक्षणखर्चावर मतदानाचा हक्कच त्या सभेला नसल्याने निषेधापलीकडे तिच्या हाती फारसे काही नव्हते. पुढे नोव्हेंबरमध्ये मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानेही राजीनामा दिला.

जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे यांनी या युद्धकाळात हवाई दलात सेवा केली. संस्थान 1948 मध्ये विलीन झाल्यानंतर तेच लोकसभेवर निवडून गेले. प्रजेचे नागरिक झाले, पण सैन्य धाडण्याच्या निर्णयावर त्या नागरिकांचे नियंत्रण किती आले, हे संविधानातच तपासले पाहिजे.

संविधानाच्या अनुच्छेद 53 नुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे असले, तरी त्याच्या वापराचे नियमन कायद्याने व्हावे, असे तेथेच म्हटले आहे. शिवाय राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. विनियोजन कायद्यावाचून, म्हणजे संसदेने खर्चाला दिलेल्या मंजुरीवाचून, तिजोरीतून पैसा निघत नाही. मात्र परदेशी सैन्य पाठवण्यापूर्वी संसदेची अनुमती घेण्याचे बंधन कोणत्याही कायद्यात नाही. त्यामुळेच जुलै 1987 मध्ये पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या करताच भारताची शांतिसेना श्रीलंकेत उतरली. ती मार्च 1990 मध्ये परतली तोवर हजाराहून अधिक जवानांनी प्राण गमावले होते.

अमेरिकेने व्हिएतनामच्या अनुभवानंतर, अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून, 1973 मध्ये युद्धाधिकारांचा कायदा केला. त्यानुसार सैन्य संघर्षात उतरवल्यावर अध्यक्षांनी 48 तासांत काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला, कळवावे लागते आणि तिची संमती न मिळाल्यास 60 दिवसांत कारवाई थांबवावी लागते. सुरक्षित माघारीसाठी आणखी 30 दिवस मिळतात. तरीही 2011 मध्ये लिबियातील हवाई कारवाई कायद्यातील ‘संघर्ष’ या शब्दात बसत नाही, असा युक्तिवाद करून ओबामा प्रशासनाने ती मुदतीनंतरही चालू ठेवली. कायद्यातील शब्द संदिग्ध राहिले की त्यांतून पळवाट निघते, हा यातला धडा आहे.

आक्रमण परतवण्यासाठी सरकारला तत्काळ हालचालीची मोकळीक असलीच पाहिजे. परंतु परदेशातील प्रदीर्घ मोहिमेची उद्दिष्टे, मुदत आणि खर्च संसदेपुढे ठेवून संमती घेण्याचे बंधन भारतीय कायद्यानेही घालायला हवे. जव्हार-मोखाड्याच्या मतदाराने निवडलेला खासदार अंदाजपत्रकातील पैशावर मत देतो, मग जवानाच्या प्राणांचा प्रश्न असताना त्याचे मत मोहीम सुरू झाल्यावर नव्हे, तर आधीच घेतले गेले पाहिजे.