माळवदाचे ओझे आणि तुळईचे टोक

लोहारा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची मधली तुळई वाकलेली आहे, हे मी लहानपणापासून पाहत आलो. गेल्या उन्हाळ्यात जुने लाकूड घेणारा व्यापारी दारात आला आणि काकूंनी मला विचारले, "हे माळवद अजून किती दिवस धरंल? विकून स्लॅब टाकावा का?" काकू त्याच तुळईखाली झोपतात. अंदाजाने उत्तर देणे शक्य नव्हते.

माळवदाची धास्ती या भागात सकारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे उद्ध्वस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. बहुतेक जण दगड-मातीखाली गाडले गेले. पण नंतरच्या पाहणीत एक गोष्ट दिसली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या, कारण त्यांची आतली आणि बाहेरची बाजू सांधणारे लांब आडवे दगडच नव्हते. उलट नीट सांधलेला लाकडी सांगाडा काही ठिकाणी भिंती पडल्यावरही उभा होता. म्हणून पहिला प्रश्न हा, की छताचा भार खांबांवर आहे की भिंतीवर?

दुसरा प्रश्न ओझ्याचा. दहा फूट लांब-रुंद खणावर दीड फूट माती असेल आणि घनमीटरला १.६ टन वजन धरले, तर ते जवळपास सात टन होते. गळती लागली की आपण वरून माती टाकतो; दोन इंचांचा प्रत्येक नवा थर म्हणजे आणखी पाऊण टन. घर थंड राहते खरे, पण तुळईचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते.

तिसरा प्रश्न लाकडाचा. वाक डोळ्यांत भरतो, पण जुना, थांबलेला वाक तितका घातक नसतो. मी तुळईखाली दोरी ताणून अंतर मोजले आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मोजले. फरक नव्हता. मग हातोडीने ठोकत गेलो. मधोमध खणखणीत आवाज आला, भिंतीत शिरलेल्या टोकाशी भद्द. तिथे आरी बोटभर आत गेली. पन्हाळीचे पाणी वर्षानुवर्षे तिथेच मुरत होते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. तुळईची उभी जाडी पाव भागाने घटली, तर वाक सोसण्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते.

काकूंना सांगितले, "तुळई विकू नका, पण बाज आजच दुसऱ्या खणात हलवा." आधी टेकू दिले. मग दोन्ही बाजूंनी सारखी माती उतरवून थर अर्ध्या फुटावर आणला. कुजलेल्या टोकापासून आत, निकोप लाकडाखाली दगडी उथळ्यावर नवा खांब उभा केला आणि पन्हाळ भिंतीपासून लांब काढली. मागच्या भिंतीत सांधणारे दगड बसवणे बाकी आहे. ते होईपर्यंत बाज दुसऱ्या खणातच राहील.

व्यापारी फेब्रुवारीत पुन्हा येऊन गेला. काकूंनी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवला.