ईम

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील इतिहासप्रसिद्ध खेडे. लोकसंख्या ९६९ (२०११). हे शेफील्डच्या नैर्ऋत्येस, पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशात वसले आहे. पूर्वी या परिसरात शिशाच्या खाणी होत्या. सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारातील अँग्लो-सॅक्सन काळातील कोरीव दगडी क्रूस गावाच्या प्राचीनत्वाची साक्ष देतो. १६६५-६६ च्या प्लेगच्या साथीत ग्रामस्थांनी स्वतःवर घालून घेतलेल्या निर्बंधांमुळे ईमला कीर्ती लाभली.

लंडनहून एका शिंप्याकडे आलेल्या दमट कापडातील पिसवांबरोबर रोग गावात शिरला, अशी परंपरा आहे. पहिला बळी जॉर्ज व्हिकार्स याच्या दफनाची नोंद ७ सप्टेंबर १६६५ ची आहे. हिवाळ्यात ओसरलेली साथ पुढील उन्हाळ्यात पुन्हा बळावली. तेव्हा चर्चचा रेक्टर विल्यम माँपेसन आणि पूर्वी पदच्युत झालेला धर्मोपदेशक टॉमस स्टॅन्ली यांनी धार्मिक मतभेद बाजूस ठेवून ग्रामस्थांचे मन वळविले. त्यानुसार कुटुंबांनी आपापले मृत स्वतःच पुरावेत, प्रार्थना चर्चऐवजी कक्लेट डेल्फ या मोकळ्या दरीत व्हावी आणि कोणीही हद्द ओलांडू नये, असे ठरले. डेव्हनशरच्या अर्लने व शेजारच्या गावांनी अन्न पुरविले. ते सीमेवर ठेवले जाई आणि त्याचे मोल सीमेवरील दगडाच्या खळग्यांत, व्हिनेगरमध्ये नाणी बुडवून ठेवले जाई.

ऑगस्ट १६६६ मध्ये माँपेसनची पत्नी कॅथरिन मरण पावली. त्याच महिन्यात एलिझाबेथ हॅन्कॉक हिने आठ दिवसांत पती व सहा अपत्ये गमावली. त्यांच्या समाध्या ‘रायली ग्रेव्ह्ज’ म्हणून ओळखल्या जातात. नोव्हेंबरच्या प्रारंभी साथ थांबली. ७६ कुटुंबांतील २५९ माणसे दगावल्याचे माँपेसनने त्याच महिन्यात एका पत्रात कळविले. गावची वस्ती ३५० होती, असे पूर्वी मानत. आधुनिक अभ्यासकांच्या मते ती सु. ७०० असावी.

दरीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना पाहणाऱ्या एमट सिडल व रोलंड टॉर या प्रेमिकांची कथा लोकप्रिय आहे. एमट १६६६ च्या वसंतात मरण पावली. स्वेच्छेने केलेल्या आत्मत्यागाच्या वृत्तांताला भावपूर्ण रूप मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आले. विल्यम वुडने १८४२ मध्ये लिहिलेल्या गावाच्या इतिहासाचा त्यात मोठा वाटा आहे. माँपेसनने मात्र आपली मुले आधीच बाहेर पाठविली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार सु. तीन-चतुर्थांश संसर्ग माणसाकडून माणसाला झाला असावा. तसे असल्यास हद्दबंदीने परिसराचे रक्षण झाले, पण एका छपराखाली राहणाऱ्या कुटुंबांना तिची जबर किंमत मोजावी लागली.

ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी येथे ‘प्लेग संडे’ पाळतात. साथीची माहिती देणारे संग्रहालयही गावात आहे.