थंडी अडवते ती हवा

अलास्काच्या किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी इतकं गार, की माणूस त्यात पडला तर थोड्याच वेळात त्याचे हातपाय आखडतात. समुद्री पाणमांजर मात्र तिथेच पाठीवर तरंगत खातं, झोपतं, पिल्लाला पोटावर घेऊन पाजतं. सील किंवा देवमाशासारखा चरबीचा जाड थर त्याला नसतो. सगळी भिस्त केसांवर! अंगाच्या काही भागांत एका चौरस सेंटिमीटरमध्ये लाखाहून जास्त केस असतात. माणसाच्या अख्ख्या डोक्यावर साधारण तेवढे.

थंडी अडवते ती मात्र या दाट लवेत अडकलेली हवा. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश बाहेर जाते; पाणी ती वीसपटीहून अधिक वेगानं ओढून नेतं. म्हणून पाणमांजर दिवसाचे कित्येक तास केस चोळतं, चाटतं, त्यांत फुंकर घालून हवा भरतं. यात हयगय झाली तर जिवावर बेततं. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्झॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज अलास्कात खडकावर आदळलं. तेलानं केस चिकटले, हवा निघून गेली, बर्फगार पाणी थेट कातडीला भिडलं. शेकडो पाणमांजरं दगावली. काही तेलाच्या विषानं, अनेक नुसती गारठून.

थंडीत पिसं फुलवून गोल होऊन बसलेला बुलबुलही हवाच साठवत असतो. लडाखच्या चांगथांग पठारावरच्या बकऱ्यांना हिवाळ्यासाठी जाड केसांखाली तलम लव येते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती विंचरून काढतात, तीच पश्मिना.

माणसानं ही युक्ती उसनी घेतली. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत बाकीचे गिर्यारोहक लोकरी आणि ट्वीडच्या कपड्यांत होते. जॉर्ज फिंच यांनी मात्र बलूनच्या कापडात आयडर बदकाची मऊ पिसं भरून कोट शिवून घेतला होता. आधी सगळे हसले. पुढे थंडी वाढली तशी त्यांनाच त्या कोटाचा हेवा वाटू लागला. फिंच आणि जेफ्री ब्रूस त्या वर्षी सुमारे ८,३०० मीटरपर्यंत पोचले. आजचं डाऊन जॅकेट त्याच वाटेनं आलेलं आहे.

पिसांची एक अडचण प्रत्येक ट्रेकरनं ओळखून असावं. ती भिजली किंवा दबली, की हवा जाते आणि ऊबही. डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या गुहेत महागड्या स्लीपिंग बॅगमध्ये झोपलेला माणूसही पहाटे कुडकुडतो, कारण पाठीखालची पिसं त्याच्याच वजनानं चेपलेली असतात आणि खालचा कातळ रात्रभर अंगातली ऊब शोषत राहतो. अशा वेळी वरून आणखी एक स्वेटर चढवून फारसा उपयोग होत नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी चांगली कॅरीमॅट घ्यावी. ती नसेल तर रिकामी सॅक, जादा कपडे, जे कोरडं हाताशी असेल ते अंगाखाली पसरावं आणि मगच पांघरुणाचा विचार करावा.